कैरीची वही: फिट, गोचीडताप आणि न सापडलेलं कारण

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

ही वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू करते आहे. सकाळी आमच्या कुत्रीला, कैरीला, तपासून झाल्यावर ते म्हणाले, "इथे टेबलावर मला ती धडधाकट दिसतेय. घरी जे झालं ते तुम्हीच पाहिलंय. म्हणून वेळ लिहा, आधी काय करत होती ते लिहा, शुद्धीवर यायला किती वेळ लागला ते लिहा. निष्कर्ष नंतर काढू."

आधी तिची माहिती. कैरी, गावठी मादी. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनात, घरामागच्या आंब्याखाली सापडली तेव्हा महिना-दीड महिन्याची असेल, म्हणजे आज साधारण साडेचार वर्षांची. वजन १७ किलो. नसबंदी झालेली आहे. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वोच्या लसी वेळेवर झाल्या आहेत, कार्ड पूर्ण आहे. डोक्याला मार लागल्याचं कधी आठवत नाही. घर साताऱ्याच्या कडेला, मागे उसाचं शेत.

काल रात्री तीनच्या सुमारास तिचं पाण्याचं स्टीलचं भांडं जोरात वाजलं म्हणून मी आणि आई बाहेरच्या खोलीत आलो. कैरी उजव्या कुशीवर पडलेली, मान मागे ताठ, चारही पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. जबडा कडकड वाजत होता, तोंडाला फेस, खाली लघवी झालेली. डोळे उघडे होते, पण हाक मारली तर काहीच नाही. आई म्हणाली, "आकडी आली गं हिला." अंदाजे दीड मिनिटात झटके थांबले. मग ती उठली आणि भिंतीला, कपाटाला आपटत खोलीत फिरत राहिली. आईच्या अंगावरून गेली, ओळख नाही. पाऊण तासाने भांडंभर पाणी प्यायली, भाकरी मागितली, आणि पहाटे नेहमीसारखी माझ्या पायाशी येऊन झोपली. आम्ही दोघी जाग्याच होतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

रक्ताचे रिपोर्ट आले. साखर ठीक, कॅल्शियम ठीक, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे ठीक. प्लेटलेट मात्र १ लाख १० हजार, निदान दोन लाख तरी असायला हव्या होत्या. काचपट्टीवर रक्तात जंतू दिसले नाहीत, पण झटपट चाचणीत एर्लिकिया या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे गोचीडताप. आपल्याकडच्या कुत्र्यांवर दिसणारी ती तपकिरी गोचीडच याचा प्रसार करते. पावसाळ्यात आमच्या अंगणाच्या फरशीच्या सांध्यांतही गोचिड्या सापडतात.

मला हायसं वाटलं. कारण सापडलं, आता औषध देऊ आणि संपलं. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. चाचणी सकारात्मक म्हणजे तिच्या शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे, एवढंच ठरतं. एर्लिकियामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो, त्यातून फिट येऊ शकते. पण अशा कुत्र्याला बहुधा ताप असतो, मान दुखते, चाल बिघडते. कैरीला यातलं काहीच नाही. तरी प्लेटलेट कमी आहेत, म्हणून उपचार करायचेच: डॉक्सिसायक्लिन, किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या हिशेबाने, २८ दिवस, भरल्या पोटी.

विषबाधेचाही विचार झाला. बाबा मागच्या शेतमालकांकडे जाऊन कोणती फवारणी केली ते विचारून आले. महिनाभरात काहीच मारलेलं नाही. कीटकनाशक पोटात गेलं असतं तर खूप लाळ, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगभर थरथर असं दिसलं असतं. उंदराच्या औषधाने उलट्या झाल्या असत्या. आणखी एक मुद्दा डॉक्टरांनी काढला. गोचिडीसाठी महिन्यातून एकदा चघळायला देतात त्या नव्या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये सूचना काढली होती की काही जनावरांत थरथर, तोल जाणं आणि फिट दिसली आहे. बहुतेक कुत्र्यांना या गोळ्या चालतात, पण फिट येऊन गेलेल्या कुत्रीला नकोत. आता गळ्यात गोचीड मारणारा पट्टा, आणि रोज संध्याकाळी हाताने गोचिड्या वेचणं. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली जास्त सापडतात.

२५ ऑगस्ट, रविवार

जुना मोबाइल कपाटावर बसवला, चार्जर लावून. रात्रभर रेकॉर्डिंग चालू राहतं आणि जुनं आपोआप पुसलं जातं. कोपऱ्यात झिरोचा बल्ब. कैरीचं अंथरूण जिन्यापासून आणि लोखंडी कॉटच्या पायापासून लांब केलं. पाण्याचं भांडं मात्र जवळच ठेवलं, कारण त्याच्या आवाजानेच आम्हाला जाग आली होती.

वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं, सुरुवात शरीराच्या कुठल्या भागापासून, घड्याळाने किती वेळ, लघवी-संडास, पूर्ववत व्हायला किती वेळ, त्या दिवशीचं खाणं, औषधं, गोचिड्या, आवाज. आईने शेवटी आणखी एक रकाना घालायला लावला: तिथी. तिची आई सांगायची की आकडी अमावस्या-पौर्णिमेला उसळते, आणि १९ तारखेला नारळी पौर्णिमा होती. मी रकाना आखला. तो कालनिर्णय बघून आई स्वतः भरणार आहे.

भिंतीवर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मोठ्या अक्षरात लावल्या. तोंडात हात, चमचा, कापड काहीही घालायचं नाही. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, आपली बोटं मात्र तुटतात. धरून ठेवायचं नाही. डोक्याखाली उशी सरकवायची, दिवा मंद करायचा, पंखा लावायचा, घड्याळ बघायचं. एकाने व्हिडिओ काढायचा, पूर्ण शरीर आणि चेहरा दिसेल असा, आणि मध्येच नावाने हाक मारायची. पाच मिनिटं उलटली तर लगेच दवाखाना, कारण तेवढ्या वेळात अंगातली उष्णता वाढत जाते आणि मेंदूला इजा होते.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. ढोल-ताशे, डॉल्बी, सगळं आमच्या गल्लीवरून गेलं. कैरी कॉटखाली थरथरत होती, पण हाक मारली की माझ्याकडे बघायची, हातातली खारी खायची. ही भीती, फिट नाही. डॉक्टरांनी हाच फरक शिकवला होता. झोपेतही तिचे पाय हलतात, मिशा फडफडतात, बारीक भुंकते. नाव घेतलं की जागी होते, म्हणजे ते स्वप्न.

डॉक्सिसायक्लिनचा कोर्स संपला. प्लेटलेट २ लाख ६० हजार. एक महिना फिट नाही. घरात सगळे धरून चाललेत की गोचीडतापच होता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापनेच्या पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी दुसरी फिट. पूर्ण रेकॉर्ड झाली.

ती मी आज बऱ्याचदा पाहिली. पहिल्यांदा बघताना हात कापत होते, नंतर बघता आलं. कैरी गाढ झोपलेली. ३:४१ ला डोकं वर करते, दाराकडे बघते, उठून आईच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. मग डावा ओठ फडफडायला लागतो. फक्त डावा. डावा डोळा मिटतो, डावा पुढचा पाय वर उचलला जातो, आखडतो, आणि मग सगळं अंग जातं. झटके १ मिनिट ५० सेकंद. त्यानंतरची तिची भटकंती ४० मिनिटांची.

डॉक्टरांनी मोबाइलवर तो भाग पुन्हा पुन्हा थांबवून बघितला. म्हणाले, आता ही फिटच याबद्दल शंका नको. हृदयामुळे भोवळ आली असती तर ती बहुधा धावताना किंवा उत्तेजित असताना आली असती, अंग लोळागोळा झालं असतं आणि काही सेकंदांत ती उठून शेपटी हलवायला लागली असती. इथे झोपेतून सुरुवात आहे, लाळ आहे, लघवी आहे आणि नंतरचा गोंधळ आहे. तरी ईसीजी काढला, तो नीट आहे.

डावीकडून सुरुवात म्हणजे मेंदूच्या उजव्या भागात ठिणगी. तिथे गाठ, सूज, जुनी जखम असू शकते. काहीच नसूही शकतं. नुसत्या बघण्यावरून हे ठरत नाही. प्लेटलेट मात्र चांगल्या झाल्यावर ही फिट आली आहे, तेव्हा सगळा दोष गोचीडतापावर टाकता येणार नाही.

आईने तिथीच्या रकान्यात लिहिलं: काल सर्वपित्री.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आजची नोंद मोठी होणार आहे.

कंपनीत माझी दुसरी पाळी (शिफ्ट), म्हणून दुपारी घरी होते. साडेबाराला कैरी अंगणात उन्हात पडलेली असताना तिसरी फिट आली. समोरच्या घरी नवरात्राच्या हळदी-कुंकवाला बायका जमल्या होत्या, मुलं रस्त्यावर खेळत होती. फेस बघून कुणीतरी ओरडलं, "पिसाळलंय, पिसाळलंय! काठी आणा!" दोघे जण खरंच काठ्या घेऊन फाटकात उभे राहिले. शेजारच्या काकू धावत कांदा फोडून घेऊन आल्या, हुंगवायला. एका आजोबांनी पायातली चप्पल काढून दिली. माणसाला आकडी आली की हेच करतात, आणि त्यांच्या मनात कळवळाच होता.

मी फाटकाला आतून कडी घातली. "काकू, कांदा राहू दे, मला घड्याळ बघून मिनिटं सांगा," म्हटलं. त्या मिनिटं मोजत बसल्या आणि आवाज उतरत गेला. दोन मिनिटं दहा सेकंद. नंतर ती उठून अंगणात गोल फिरायला लागली तेव्हा बाहेरचे आणखी घाबरले, कारण नजर शून्य होती. एक काका मोबाइल काढून कुत्री पकडणाऱ्या गाडीला बोलावणार होते. बाबांनी लसीचं कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं, आणि दाखवत दाखवत बोलत राहिले, तोवर कैरी शांत झाली होती.

संध्याकाळी मी मुद्दाम चार घरी जाऊन आले. लोकांची भीती खोटी नाही. रेबीज जडला की माणूसही वाचत नाही, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा कुत्र्यांपासून येतो. म्हणून समजावून सांगणं भाग होतं. रेबीज झालेलं कुत्रं दिवसेंदिवस बिघडत जातं, गिळता येत नाही, आवाज बदलतो, मागचा भाग लुळा पडतो आणि साधारण दहा दिवसांत मरतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ते त्यासाठीच. फिट येणारं कुत्रं बहुधा तासाभरात पूर्ववत होतं, घरच्यांना ओळखतं, खातं-पितं. हेही सांगितलं की फिटमध्ये किंवा नंतरच्या गोंधळात कुणालाही दात लागला, तर कार्ड पूर्ण असलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचंच. काकूंच्या धाकट्या मुलीने विचारलं, "तिला दुखतं का?" डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं, की त्या वेळी शुद्ध नसते, त्यामुळे कळत नाही. नंतरची भीती मात्र तिला कळत असावी.

तिथी: अमावस्याही नाही, पौर्णिमाही नाही. आईने तसंच लिहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट आल्या तर रोजचं औषध सुरू करायचं, असा पशुवैद्यकांचा संकेत आहे. कैरीच्या तीन झाल्या. फिनोबार्बिटोन सुरू. ३० मिलिग्रॅमच्या दीड-दीड गोळ्या, दर बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. गोळ्या माणसांच्याच असतात. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर "कैरी (श्वान)" वाचून मुलगा थबकला, मग मालकांनी नोंदवहीत माझं नाव आणि पत्ता लिहून दिल्या.

हे औषध मनाने एकदम बंद करायचं नाही. केलं तर पूर्वीपेक्षा जोरात फिट येते. डॉक्टरांनी हे एकदा सांगितलं, दारापर्यंत येऊन पुन्हा सांगितलं. माझ्या पाळ्या बदलतात, म्हणून सात वाजताचं काम बाबांकडे. ते गोळी तुपाच्या बोटाने जिभेच्या मागे ठेवतात आणि कालनिर्णयवर लाल पेनाने खूण करतात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कैरी डुलत चालते. मागचे पाय एकमेकांत अडकतात, जिना उतरताना मी पट्टा धरून बाजूने चालते. पाणी खूप पिते, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं. भूक तर सुटलीच आहे. आईने भाकरीसाठी मळून ठेवलेलं ज्वारीचं पीठ परातीसकट ओढून खाल्लं आणि नाकाला पीठ लागलेल्या तोंडाने आमच्याकडे बघत राहिली. आई रागावली नाही. "औषधाची भूक आहे, तिची नाही," म्हणाली आणि काकडी चिरून दिली. वजन वाढू द्यायचं नाही, म्हणून भाकरी मोजून, आणि मधल्या वेळी काकडी, गाजर, उकडलेली फरसबी. तोल जाणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, भूक-तहान थोडीफार राहते, असं डॉक्टरांचं म्हणणं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून आलो. महामार्गावरून तासाभराचं अंतर आहे, पण कैरी दादाच्या मांडीवर डोकं ठेवून सगळा रस्ता जागी होती.

मज्जासंस्थेची तपासणी मी पहिल्यांदाच पाहिली. डोळ्यासमोर हात आणला की पापणी मिटते का, दोन्ही बाजूंनी. पंजा उलटा करून टेकवला तर ती लगेच सरळ करते का. एका बाजूचे दोन पाय उचलून दुसऱ्या बाजूवर उड्या मारायला लावलं. गुडघ्यावर हातोडी, चेहऱ्याला स्पर्श, मान चहूकडे वळवून पाहिली. औषधाने आलेलं थोडं डुलणं सोडलं तर सगळं सारखं, डावं-उजवं फरक नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतर पित्ताम्लाची चाचणीही झाली, यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी नाही ना हे बघायला. ती स्वच्छ आली.

एमआरआयवर गाडीत वाद झाला. दादाचं म्हणणं, कर्ज काढू पण बघून घेऊ. बाबा गप्प. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं की एमआरआयने उपचारांत काय बदलेल. त्यांनी नीट उत्तर दिलं. सूज दिसली तर स्टेरॉइड आणि सोबतची औषधं द्यावी लागतील, ते महत्त्वाचं आहे. गाठ या वयात कमी संभवते. सहा महिने ते सहा वर्षं वयात पहिली फिट, दोन फिटांच्या मध्ये पूर्ण स्वस्थ, रक्त-लघवी नीट, तपासणी नीट, एवढं जुळलं तर ज्याचं कारण दिसत नाही असा अपस्मार (फिट येण्याचा आजार) धरायला आधार आहे. या विषयातल्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१५ साली ठरवलेली ती पहिली पायरी आहे. एमआरआय आणि पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी ही दुसरी. त्यासाठी पूर्ण भूल लागते.

शेवटी दादाने आणि मी मिळून लिहून ठेवलं की एमआरआय कधी करायचा: मधल्या काळात ती एका बाजूला कलायला लागली, वागणं बदललं, नजर कमी झाली, किंवा योग्य मात्रेत औषध असूनही फिटांचं प्रमाण वाढलं तर. यातलं काही झालं की त्या दिवशी पुन्हा चर्चा करायची नाही, गाडी काढायची. पैसे तोवर बाजूला टाकत राहायचे. हे कागदावर आल्यावर दादा शांत झाला, आणि मीही. रोज रात्री तोच प्रश्न उगाळून माझी झोप गेली होती.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

एकाच दिवसात दोन. पहिली पहाटे ४:१५ ला, एक मिनिट ४० सेकंद. दुसरी सकाळी १०:५० ला, दोन मिनिटं. मध्ये ती शुद्धीवर आली होती, दूधभात खाल्ला होता. चोवीस तासांत दोन म्हणजे लागोपाठची मालिका धरतात, आणि मालिका लांबत जाण्याचा धोका असतो. शिरवळहून आल्यावर डॉक्टरांनी तातडीचं औषध देऊन ठेवलं होतं: मिडाझोलाम, सुई काढून नाकात फवारायचं, तिच्या वजनाप्रमाणे मात्रा सिरिंजवर पट्टी लावून ठरवून दिलेली. दुसरी फिट सुरू होताच दादाने ते दिलं. फवाऱ्यानंतर झटके लगेच मंदावले. हे औषध श्वासही मंद करू शकतं, म्हणून नंतर बाबा तिच्या बरगड्यांकडे बघत श्वास मोजत बसले. डॉक्टर पाडव्याच्या दिवशीही दवाखान्यात आले, दुपारपर्यंत तिला समोर ठेवून घेतलं.

फटाक्यांमुळे झालं असं सगळेच म्हणताहेत. मी वहीत तसं लिहिणार नाही. फटाके रात्री अकराला थांबले होते, फिट पाच तासांनी आली. झोप कमी झाली, ताण आला, यामुळे फिट लवकर येऊ शकते हे खरं. पण आवाजाच्या रकान्यात विसर्जनही आहे, आणि तेव्हा काही झालं नव्हतं.

आई तिथीच्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काल अमावस्या होती. मी काय सांगत होते?" आम्ही दोघी कालनिर्णय घेऊन बसलो. फिटांचे चार प्रसंग, त्यातले तीन अमावस्या किंवा पौर्णिमेच्या दोन दिवसांच्या आत. पण दोन्ही तिथींच्या मागेपुढे दोन-दोन दिवस धरले तर महिन्यातले दहा दिवस त्यातच येतात, म्हणजे तिसरा हिस्सा. चार नोंदींवर काही ठरणार नाही. आई म्हणाली, "मग लिहीत राहू." मला तिचं हे बोलणं फार आवडलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

रक्तातली औषधाची पातळी १९. पंधरा ते चाळीसच्या मध्ये आहे, पण पंचवीसच्या वर बहुतेकांना चांगला गुण येतो. मात्रा वाढवली: दोन-दोन गोळ्या. यकृताचा एक आकडा चढलाय. तो या औषधाने चढतोच, बाकीचे आकडे नीट आहेत तोवर घाबरायचं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पातळी २७. फिट नाही. बुधवारच्या रेकॉर्डिंगमध्ये एक वेगळं दिसलं: रात्री दीडला बसल्या बसल्या हवेत माशी पकडावी तसा तीनदा तोंडाचा चावा, माशी कुठेच नाही. ही लहान फिट असू शकते, पोटाच्या त्रासानेही कुत्री असं करतात. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आणि व्हिडिओ पाठवला.

८ डिसेंबर, रविवार

मालवणच्या मावशीचा फोन. खोबरेल तेल पाज, डोक्याला चांगलं. त्यामागे तथ्याचा एक धागा आहे. मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचा (खोबरेलातही असणाऱ्या एका प्रकारच्या मेदाचा) आहार दिलेल्या अपस्मारी कुत्र्यांत फिट कमी झाल्याचं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालंय. पण तो मोजून बनवलेला आहार होता, नुसतं खोबरेल नव्हे. शिवाय जास्त तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. डॉक्टर नको म्हणाले. मावशीला तसंच सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

शेजारच्या काकू आता कैरीच्या राखणदार झाल्यात. आम्ही लग्नाला कराडला गेलो तेव्हा सातची गोळी त्यांनीच दिली आणि खूणही लाल पेनाने केली.

मला मात्र अजून स्टीलचं भांडं वाजलं की छातीत धस्स होतं. कंपनीच्या कँटीनमध्येही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, आठवड्यातले तीन दिवस बाहेरच्या खोलीत मी झोपते, तू आत झोप, दार लावून. तसं सुरू केलंय. तीन रात्री तरी पूर्ण झोप मिळते, आणि दुसऱ्या दिवशी कैरीशी खेळायला त्राण राहतं.

२२ जानेवारी २०२५, बुधवार

फिट, पहाटे ५:०५. ५० सेकंद. डावा ओठ, डावा पाय, मग सगळं अंग, क्रम तोच. पूर्ववत व्हायला वीस मिनिटं. पाडव्यानंतर ही पहिली.

मी रडले, कारण मनातून वाटत होतं की आता येणारच नाही. डॉक्टरांना फोन केला तर त्यांचा आवाज समाधानाचा होता. अंतर लांबलंय, वेळ निम्म्याहून कमी झालाय, गोंधळही कमी. औषध लागू पडतंय. फिटमुक्त म्हणायला आधीच्या सर्वांत लांब अंतराच्या तिप्पट काळ, आणि निदान तीन महिने, फिटशिवाय जायला हवेत. ते सगळ्या कुत्र्यांत साधत नाही. औषधाला दाद न देणारीही बरीच असतात.

तिथी: दोन्हींपासून लांब.

९ मार्च, रविवार

फिट, पहाटे ४:३०, ४५ सेकंद. तिथी पुन्हा लांब, पौर्णिमा १४ ला. आईने रकाना भरला, वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "सहातले तीन. मग काही नाही त्यात." तरी रकाना ठेवायचा असं तिचंच मत.

गोचिड्यांचा रकाना उन्हाळ्यामुळे पुन्हा भरायला लागलाय. पट्टा बदलला.

२० एप्रिल, रविवार

सहामाहीचं रक्त. औषधाची पातळी २६, प्लेटलेट अडीच लाख, यकृत ठीक. वजन १८ किलो ४००, अर्धा किलो तरी उतरवायला सांगितलंय. मज्जासंस्थेची तपासणी पुन्हा केली, डावं-उजवं सारखं. एमआरआयच्या कागदावरचं एकही लक्षण नाही, कागद वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात आहे. कारण सापडलेलं नाही, आणि डॉक्टर म्हणाले कदाचित सापडणारही नाही.

फिट अजून दीड-अडीच महिन्यांनी येते आहे, म्हणून दुसरं औषध जोडायचं का यावर बोलणं झालं. लेव्हेटिरासिटाम आठ तासांनी द्यावं लागतं, पोटॅशियम ब्रोमाइडला रक्तात स्थिरावायला अडीच-तीन महिने लागतात आणि खाण्यातलं मीठ कमी-जास्त झालं की पातळी हलते. ठरलं ते असं: पुढची फिट ९ मार्चपासून तीन महिन्यांच्या आत आली तर ब्रोमाइड सुरू, नाहीतर आहे तेच चालू. ब्रोमाइड सुरू झालं तर पापडाचा तुकडा, फरसाण, काकूंकडची खारी शंकरपाळी सगळं बंद, हे काकूंना आजच सांगितलं.

दादा पुढच्या आठवड्यापासून पुण्याला जातोय. नाकातल्या फवाऱ्याची मात्रा आणि रीत त्याने आज बाबांना आणि काकूंना करून दाखवली, साध्या पाण्याने, कैरी शेजारी बसून बघत असताना. शीशी ऑगस्टअखेर बाद होते, नवी जुलैमध्ये आणायची. पुढचं रक्त ऑक्टोबरमध्ये, पण औषध बदललं तर त्याआधी.